पाहुणी म्हणून आलेली युद्धनौका

ब्रिटिश नौदलाच्या 'रिनाउन' या युद्धनौकेचा सेवापट वाचायला घेतला की १९२१-२२ या काळासमोर जेमतेम एक ओळ सापडते: युवराजांना घेऊन हिंदुस्थान आणि जपानचा दौरा. युद्धनौकांवर लिहिणारी माणसं तपशिलाला फार पक्की असतात. कुठली तोफ कुठल्या साली उतरवली, चिलखताचा पट्टा आधी किती इंच होता आणि नंतर किती झाला, बॉयलर किती होते आणि किती उरले, सगळं मांडून ठेवतात. पण ती दौऱ्याची वर्षं त्यांच्या लेखी सुट्टीची. जहाज लढलंच नाही, मग लिहायचं काय?

मुंबईच्या इतिहासावरची पुस्तकं उघडली की नेमकं उलटं. तिथे १७ नोव्हेंबर १९२१ या एका तारखेवर पानंच्या पानं आहेत: हरताळ, विलायती कपड्यांची होळी, दंगल, गांधींचा उपवास. युवराज त्या सकाळी अपोलो बंदरावर उतरले एवढं त्यात असतं. कुठल्या जहाजातून उतरले, हे बहुतेक वेळा नसतं. मला दोन्ही प्रकारची पुस्तकं वाचायची खोड आहे, त्यामुळे एकाच दिवसाची ही दोन टोकं बरीच वर्षं माझ्या हातात नुसती लोंबत होती.

युद्धनौकांचं वेड हे तसं आपल्याकडच्या माणसाला अडचणीचंच. आगगाड्यांचं वेड असलेल्याला कुणी जाब विचारत नाही. पण शंभर वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश युद्धनौकेच्या फोटोकडे कौतुकाने बघताना मनात टोचत राहतं की हिच्या तोफा ज्या साम्राज्यासाठी ओतल्या, त्यात आपले पूर्वज सारा भरणाऱ्यांच्या रांगेत होते. तरी नजर हटत नाही. ७९४ फूट लांबी, निमुळता पुढचा भाग, दोन धुराडी, पंधरा इंची सहा तोफा. रिनाउन देखणी होती, हे कबूल करून टाकतो आणि पुढे जातो.

ती जन्मली एका म्हाताऱ्याच्या हट्टातून. अॅडमिरल जॅकी फिशर हा सिलोनमध्ये १८४१ साली जन्मलेला, भांडखोर, अफाट कामाचा माणूस. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ऑक्टोबर १९१४ मध्ये त्याला निवृत्तीतून परत बोलावून नौदलाच्या सर्वोच्च पदावर बसवलं, तेव्हा तो त्र्याहत्तर वर्षांचा होता आणि नौदलमंत्री चर्चिल होते चाळिशीच्या उंबरठ्यावर. दोघांनाही स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. फिशरचं तत्त्वज्ञान सोपं होतं: जहाजाला मोठ्या तोफा द्या, अचाट वेग द्या, आणि चिलखताची फार काळजी करू नका, वेग हेच चिलखत. या पंथाच्या जहाजांना बॅटलक्रूझर म्हणत. ८ डिसेंबर १९१४ रोजी फॉकलंड बेटांजवळ त्याच्या दोन बॅटलक्रूझरनी 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नायझेनाउ' ही दोन जर्मन जहाजं गाठून बुडवली. फिशरला पुरावा मिळाला. ज्या दोन बॅटलशिपांचं, म्हणजे जाड चिलखताच्या पण संथ युद्धनौकांचं, काम युद्धामुळे अडलं होतं, त्यांच्याऐवजी दोन बॅटलक्रूझर बांधायची परवानगी त्याने पदरात पाडून घेतली. रिनाउन आणि तिची जुळी बहीण 'रिपल्स'. शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाउ ही नावं वाचकाने लक्षात ठेवावीत, ती परत येणार आहेत.

दोन्ही जहाजांचा कणा २५ जानेवारी १९१५ रोजी घातला गेला. तो फिशरचा वाढदिवस. रिनाउन ग्लासगोजवळ गोव्हनच्या फेअरफील्ड कारखान्यात, रिपल्स क्लाइड नदीवरच थोडी पुढे क्लाइडबँकला. रिनाउन ४ मार्च १९१६ रोजी पाण्यात उतरली आणि सप्टेंबरात नौदलात दाखल झाली. एवढं अवजड जहाज वीस महिन्यांत उभं करणं हा चमत्कारच होता, पण मधल्या काळात एक गोष्ट घडली. ३१ मे १९१६ ला जटलंडच्या लढाईत तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर काही तासांच्या आत फुटून बुडाल्या आणि तीन हजारांवर माणसं गेली. वेग हे चिलखत नाही, हे इतक्या उघडपणे सिद्ध झाल्यावर सहा इंची पट्टा बांधलेलं नवंकोरं जहाज ताफ्यात येऊन उभं राहिलं. सरसेनापती जेलिको यांनी ते पाहून कपाळाला हात लावला असेल. तिला लगेच परत गोदीत पाठवून डेकखाली शेकडो टन जादा पोलाद चढवलं. खलाशांनी मग दोन्ही बहिणींची नावं बदलली: 'रीफिट' आणि 'रिपेअर'. सैनिकांच्या विनोदाला दयामाया नसते.

पहिल्या महायुद्धात रिनाउनने शत्रूवर एकही गोळा झाडला नाही. रिपल्सला निदान १९१७ च्या नोव्हेंबरात हेलिगोलंडजवळ थोडी चकमक तरी मिळाली. रिनाउन उत्तर समुद्रातल्या धुक्यात गस्त घालत राहिली आणि युद्ध संपलं.

मग तिला नवं काम मिळालं. युद्धानंतर साम्राज्य थकलेलं होतं, कर्जात होतं, आणि वसाहतींच्या मनात काय चाललंय याची लंडनला खात्री नव्हती. अशा वेळी गोड चेहऱ्याचा पंचविशीतला युवराज, प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड, जगभर फिरवावा असं ठरलं. १९१९ मध्ये कॅनडा आणि अमेरिका. १९२० मध्ये पनामा कालव्यातून न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया. त्यासाठी रिनाउनच्या मागच्या काही लहान तोफा उतरवून राहण्याच्या खोल्या आणि फिरायला सज्जा केला, आणि दोन धुराड्यांच्या मधे एक मोठी खोली बांधली: एका बाजूला स्क्वॉशचं कोर्ट, दुसऱ्या बाजूला सिनेमा. लढाईचा घोडा वरातीला लावावा तसं झालं. पण घोडा तोच होता आणि पंधरा इंची तोफा जागच्या जागी होत्या. पाहुण्याने तलवार कमरेला लावूनच जेवायला यावं, हा त्या सगळ्या थाटाचा अर्थ कुणाच्या नजरेतून सुटत नसे.

हे काही पहिल्यांदाच घडत नव्हतं. या रिनाउनच्या आधी त्याच नावाची आणखी एक रिनाउन होती, १८९५ साली जलावतरण झालेली, फिशरची लाडकी. तिच्यावर त्याने वर्षानुवर्षं आपला झेंडा मिरवला. तिनेच या युवराजाच्या वडिलांना, म्हणजे तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सना, ९ नोव्हेंबर १९०५ रोजी मुंबईत आणलं होतं. दोन दिवसांनी त्यांनी ज्या वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसवली, त्याला आपण आत्ता-आत्तापर्यंत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणत होतो. त्या भेटीच्या महिनाभर आधी पुण्यात सावरकर आणि त्यांच्या मित्रांनी विलायती कपड्यांची होळी केली होती, कारण बंगालची फाळणी झाली होती. सोळा वर्षांनी दुसरी रिनाउन आली, दुसरा युवराज आला, आणि या वेळी होळी मुंबईतच पेटली, तो बंदरात असतानाच.

२६ ऑक्टोबर १९२१ ला रिनाउन पोर्ट्समथहून निघाली. जिब्राल्टर, माल्टा, सुवेझ, एडन. मुंबईत तोवर काय तयारी चालली होती? गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या बाजूने कमानी, पताका, मिरवणुकीचा रस्ता. गेटवे ऑफ इंडिया अजून अर्धवट होता, तो १९२४ मध्ये पुरा झाला. काँग्रेस आणि खिलाफतवाल्यांच्या बाजूने संपूर्ण हरताळाचं आवाहन. असहकार चळवळ ऐन भरात होती. गांधींनी जालियनवाला बाग आणि खिलाफत या दोन दुखण्यांवर एक वर्षात स्वराज्याचा वायदा केला होता आणि वर्ष संपत आलं होतं. युवराजाशी वैर नाही, पण त्याला पुढे करून सरकार जी शोभा मिरवतंय तिच्यात आम्ही नाही, अशी ती भूमिका होती.

१७ तारखेच्या सकाळी सलामीच्या तोफा झडल्या, युवराज अपोलो बंदरावर उतरले, सम्राटांचा संदेश वाचला, मिरवणूक निघाली. रस्त्याच्या कडेला गर्दी होती. पारशी, युरोपियन, अँग्लो-इंडियन, ज्यू मंडळी चांगली नटून आली होती आणि इतरही पुष्कळ होते. त्याच वेळी तिकडे परळला उमर सोबानींच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात गांधींच्या समोर विलायती कपड्यांचा ढीग पेटत होता. दोन गर्द्या, एकाच शहरात, काही मैलांच्या अंतरावर. त्या घरी परतायला लागल्या आणि रस्त्यात एकमेकांना भेटल्या.

पुढचे चार दिवस लाज वाटावी असे होते. स्वागताला गेलेल्यांना, त्यातही पारशांना, पकडून मारलं गेलं. ट्राम फोडल्या, दारूची दुकानं जाळली, डोक्यावरच्या विलायती टोप्या हिसकावल्या. दुसऱ्या दिवसापासून उलटा मार सुरू झाला: पारशी आणि अँग्लो-इंडियन टोळ्या खादीची टोपी दिसली की धरायला लागल्या. पोलिसांच्या आणि लष्कराच्या गोळ्या होत्याच. पन्नासहून जास्त माणसं मेली, जखमी शेकड्यांनी.

माझी आजी आपल्या सासऱ्यांची एक गोष्ट सांगायची. ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. त्यांच्याकडे एकच टोपी, काळी, विलायती कापडाची. पहिल्या दिवशी ती त्यांनी भीतीने काढून कोटाच्या खिशात कोंबली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने प्रेमाने खादीची टोपी आणून दिली, तोवर खादीचीच भीती झाली होती. मग ते दोन-तीन दिवस बोडक्या डोक्याने फिरले. त्या काळी मराठी माणूस उघड्या डोक्याने बाहेर पडला की लोक विचारत, कोण गेलं? तेही म्हणे कुणी विचारलं तर 'चुलता गेला' म्हणून सांगायचे. आजी हे हसत हसत सांगायची. युवराज, जहाज, असहकार यांतलं काहीच तिच्या गोष्टीत नव्हतं. 'ते टोप्यांच्या मारामारीचं साल' एवढंच.

गांधी स्वतः रस्त्यावर उतरले होते. जळालेलं दुकान आणि बेशुद्ध पडलेले पोलीस शिपाई त्यांनी पाहिले. त्यांचा जय म्हणत म्हणतच हे सगळं चाललं होतं, हे त्यांना जास्त झोंबलं. दोन दिवसांत जे स्वराज्य पाहिलं त्याची आपल्याला दुर्गंधी आली, असं त्यांनी लिहिलं. १९ तारखेला त्यांनी उपवास धरला आणि शहर शांत झाल्यावर २२ तारखेला सोडला. २३ तारखेपासून बार्डोलीत सुरू व्हायचा सामुदायिक कायदेभंग त्यांनी पुढे ढकलला. चौरीचौरानंतर चळवळ थांबवली हे आपण शाळेत शिकतो. पण गांधींचा हात पहिल्यांदा आखडला तो मुंबईत, आणि निमित्त होतं एका पाहुण्या जहाजाचं. रिनाउनच्या तोफांनी जर्मनांचं जेवढं वाकडं केलं, त्याहून मोठा परिणाम तिने त्या दिवशी नुसतं बंदरात उभं राहून घडवला, असं मी म्हणेन. नौदल इतिहासकार हे मान्य करणार नाहीत. त्यांच्याकडे गोळ्यांचा हिशोब असतो आणि त्या दिवशीच्या रकान्यात फक्त सलामी आहे.

आता १९ नोव्हेंबरची दुसरी बाजू. मुंबईत गांधींनी उपवास धरला त्याच दिवशी युवराज पुण्यात होते आणि भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला, शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसवत होते. पुढाकार कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा. आज हे वाचताना कुणाला ओशाळल्यासारखं होतं, कुणी घाईघाईने समर्थन करतं. मला दोन्हीची गरज वाटत नाही. शाहूंचं राजकारण पुण्यामुंबईच्या काँग्रेसी राजकारणापेक्षा वेगळ्या हिशेबाचं होतं. ब्रिटिश युवराजाच्या हातून शिवरायांच्या स्मारकाचा दगड बसवून घेणं यात साम्राज्याचा मान राखला गेला की साम्राज्याकडून मान काढून घेतला गेला, हे त्या मंडपात बसलेल्या प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवलं असणार. शाहू महाराज पुढच्याच मे महिन्यात वारले. पुतळा उभा राहायला १९२८ साल उजाडलं. तो केला अलिबागजवळच्या सासवण्याच्या नानासाहेब करमरकरांनी, आणि आजही शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो घोडा टाप उचलून उभा आहे. पुण्यातला शिवरायांचा त्याहून चांगला अश्वारूढ पुतळा मला माहीत नाही.

युवराज चार महिने देशभर फिरले. अलाहाबादला रस्ते ओस, कलकत्त्याला नाताळच्या तोंडावर हरताळ. सोबतच्या लवाजम्यात लुई माउंटबॅटन नावाचा एकवीस वर्षांचा नौदल अधिकारी होता. त्याने फेब्रुवारी १९२२ मध्ये दिल्लीत, व्हाइसरॉयकडे पाहुणी म्हणून आलेल्या एडविना अॅशली हिला मागणी घातली. पंचवीस वर्षांनी दिल्लीत व्हाइसरॉयच्या घरी आपणच यजमान म्हणून येऊ आणि मग सगळं आवरून निघून जाऊ, हे त्या दोघांच्या स्वप्नातही नसणार. १७ मार्चला रिनाउनने कराचीहून युवराजांना उचललं. दुसऱ्या दिवशी, १८ मार्च १९२२ रोजी, अहमदाबादच्या न्यायालयात गांधींना सहा वर्षांची शिक्षा झाली. पाहुणे बाहेर पडेपर्यंत निकाल थांबवून ठेवला होता की काय, असं तारखा पाहून वाटतं खरं.

यानंतरची दहा-पंधरा वर्षं भराभर सांगता येतात. तेवीस ते सव्वीस या काळात तिला गोदीत घालून सहा इंचांच्या जागी नऊ इंचांचा पट्टा बसवला. १९२७ मध्ये युवराजांचे धाकटे भाऊ, ड्यूक ऑफ यॉर्क, पत्नीसह तिच्यातून ऑस्ट्रेलियाला गेले आणि कॅनबेराच्या नव्या संसदेचं उद्घाटन करून परतले. परतताना हिंदी महासागरात बॉयलर-खोलीत आग लागली, ती विझवली गेली. १९३५ च्या जानेवारीत स्पेनच्या किनाऱ्याजवळ सरावात ती 'हुड' या नौदलाच्या सर्वांत लाडक्या जहाजावर जाऊन आदळली आणि कोर्टमार्शलं झाली.

खरं वळण १९३६ ला. पोर्ट्समथला तिला जवळजवळ सांगाड्यापर्यंत सोलली. बेचाळीस जुने बॉयलर काढून आठ नवे बसवले, त्याने हजारो टन वजन वाचलं, ते तोफांना आणि चिलखताला दिलं. विमानविरोधी वीस तोफा आल्या, मुख्य तोफांचा पल्ला वाढला, नवा मनोरा उभा राहिला. तीन वर्षं आणि तीस लाख पौंड. रिपल्सच्या वाट्याला असं काही आलं नाही. पैसे आणि वेळ दोन्ही संपले. रिनाउन गोदीत सुटी पडलेली असतानाच, डिसेंबर १९३६ मध्ये, तिच्यातून जग फिरलेला युवराज, आता आठवा एडवर्ड, एका घटस्फोटितेशी लग्न करण्यासाठी सिंहासन सोडून गेला. कॅनबेराचा प्रवासी राजा झाला. ज्या माणसाला दाखवण्यासाठी रिनाउनने स्क्वॉशचं कोर्ट अंगावर वागवलं होतं, तो माणूस साम्राज्याला शेवटी नकोसा झाला. जहाज मात्र दिवसेंदिवस कामाचं होत गेलं.

९ एप्रिल १९४०. नॉर्वेचा उत्तर किनारा, लोफोटेन बेटांच्या पश्चिमेला. रात्रभर वादळ, हिमाचे सपकारे. रिनाउन आपल्या नऊ विनाशिकांसह त्या समुद्रात होती, व्हाइस अॅडमिरल विट्वर्थ तिच्यावर. पहाटे साडेतीनच्या पुढे अर्धवट उजेडात दोन आकृत्या दिसल्या. शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाउ. फॉकलंडला बुडालेल्या जहाजांची नावं जर्मनांनी नव्या जहाजांना दिली होती. पहिल्या जोडीच्या बुडण्यातून रिनाउनचा जन्म झाला, आणि पंचवीस वर्षांनी तिची पहिली खरी लढाई जुंपली ती दुसऱ्या जोडीशी. अशी जुळवणी कादंबरीत केली तर संपादक खोडून टाकेल.

हिशेब तिच्या बाजूचा नव्हता. जर्मनांकडे दोन जहाजं, अकरा इंची अठरा तोफा, जाड चिलखत. रिनाउन एकटी, पंधरा इंची सहा तोफा, वय चोवीस. विट्वर्थने चारच्या सुमारास गोळीबार सुरू केला. सुमारे सतरा किलोमीटरवरून तिचा एक पंधरा इंची गोळा ग्नायझेनाउच्या नेम धरण्याच्या मनोऱ्यावर बसला आणि तिची मुख्य नजरच गेली. छोट्या तोफांचे आणखी दोन गोळे लागले. रिनाउनलाही दोन लागले, पण नुकसान किरकोळ. मागे झगडत येणाऱ्या विनाशिकाही त्यांच्या चिमुकल्या तोफा झाडत होत्या. त्या अंतरावरून काहीच लागणार नव्हतं, पण काळोखातल्या त्या चमकांनी समोर मोठा ताफा आहे असा जर्मनांचा समज झाला. दोन्ही जर्मन जहाजांनी पाठ फिरवली आणि वादळात वेग घेतला. रिनाउन लाटांवर नाळ आपटत पाठलाग करत राहिली. समोरून येणाऱ्या पाण्याने पुढच्या तोफा चालवणं मुश्किल झालं होतं. सहा वाजून गेल्यावर हिमाच्या पडद्यात दोघी दिसेनाशा झाल्या.

कोणीही बुडालं नाही. पण या लढाईत फिशर आणि त्याचे टीकाकार दोघेही खरे ठरले असं मला वाटतं. मोठी तोफ आणि धाव यांनी दुप्पट शत्रूला पळवलं. पण ते पळवणारं जहाज फिशरचं राहिलंच नव्हतं. पोर्ट्समथच्या कामगारांनी तीन वर्षं खपून त्याच्या हट्टातली खोट भरून काढली होती.

तेवढी खोट भरली तरी नौदलाच्या मनातली भीती गेली नव्हती. पुढच्या वर्षी, मे १९४१ मध्ये, 'बिस्मार्क' या जर्मन बॅटलशिपेने हुडला एका फटक्यात उडवलं, चौदाशेवर माणसांतली तीन वाचली. रिनाउन तेव्हा अॅडमिरल सॉमरव्हिलचं प्रमुख जहाज म्हणून जिब्राल्टरहून 'आर्क रॉयल' या विमानवाहू जहाजाबरोबर धावत निघाली होती आणि बिस्मार्कच्या अगदी वाटेत आली. लंडनहून हुकूम आला: दुसऱ्या जड बॅटलशिपा भिडल्याखेरीज रिनाउनने बिस्मार्कशी लढायचं नाही. आर्क रॉयलच्या कापडी पंखांच्या विमानांनी बिस्मार्कचं सुकाणू जायबंदी केलं आणि बाकीचं काम इतरांनी उरकलं. रिनाउन लांब उभी. जीव वाचला म्हणायचा की अपमान झाला, हे त्या रात्रीच्या खलाशांना विचारायला हवं होतं.

रिपल्सला तसा हुकूम देणारं कोणी नव्हतं. १० डिसेंबर १९४१ ला मलायाजवळ जपानी विमानांनी तिला आणि तिच्यासोबतच्या नव्या बॅटलशिपेला बुडवलं. आठशे चाळीस माणसं गेली. त्या नव्या बॅटलशिपेचं नाव 'प्रिन्स ऑफ वेल्स'.

त्यानंतरही रिनाउन दमली नाही. जेनोआवर तोफा डागून झाल्याच होत्या; माल्टाला विमानं नेणाऱ्या जहाजांची राखण, उत्तर आफ्रिकेतल्या फौजांची पाठराखण, १९४३ मध्ये दोनदा चर्चिलना घेऊन समुद्र ओलांडणं. आणि १९४४ च्या जानेवारीत ती परत आपल्या समुद्रात आली, सिलोनमधल्या त्रिंकोमालीला तळ ठोकून, फिशरच्या जन्मभूमीत. तिथल्या ताफ्याचा प्रमुख पुन्हा सॉमरव्हिलच. साऱ्या आघाडीचा सर्वोच्च सेनापती लुई माउंटबॅटन, जो तिच्या डेकवर युवराजाचा सोबती म्हणून हुंदडला होता. त्या वर्षभरात तिने सुमात्राच्या टोकावरच्या साबांगवर गोळे टाकले आणि अंदमान-निकोबारमधल्या जपानी ठाण्यांवरच्या हल्ल्यांत भाग घेतला. पोर्ट ब्लेअर तेव्हा जपान्यांच्या ताब्यात होतं. तिथे आदल्या डिसेंबरात सुभाषबाबूंनी तिरंगा फडकवला होता. मराठी घरांत अंदमान म्हणजे सावरकर आणि कोलू. त्यांना तिथून हलवलं ते साल १९२१, म्हणजे रिनाउन मुंबईत आली तेच. बेटांवरच्या लोकांना जपान्यांनी अमानुष छळलं होतं, हेही खरं, आणि त्यांच्या अंगावरून जाणारे ब्रिटिश गोळे कुणाच्या सुटकेसाठी होते हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं, हेही खरं. या प्रकरणात मला कुठल्या बाजूने बघावं ते ठरवता येत नाही, आणि आता ठरवण्याची घाईही वाटत नाही.

१९४८ च्या ऑगस्टात ती स्कॉटलंडमध्येच फास्लेनच्या भंगारवाल्यांकडे गेली. जिथे बांधली तिथून फार लांब नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी अपोलो बंदरावरच्या पुऱ्या झालेल्या कमानीतून बाहेर पडली होती. भंगाराबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सगळ्याच जड जहाजांचं तेच झालं. त्याआधीचं एक जेवण मात्र सांगायला हवं.

२ ऑगस्ट १९४५. जर्मनी शरण आलेला, पॉट्सडॅमची परिषद आटोपून अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन घरी निघालेले. त्यांचं जहाज 'ऑगस्टा' प्लिमथला उभं होतं. राजे सहावे जॉर्ज त्यांना भेटायला मुद्दाम आले आणि दुपारचं जेवण ठेवलं ते रिनाउनवर. जॉर्जना ती परकी नव्हती. कॅनबेराच्या सफरीत महिनोन् महिने ते तिच्यात राहिले होते. टेबलावर अणुबाँबचा विषय निघाला, कारण तो लवकरच टाकला जाणार हे तिथल्या बड्यांना माहीत होतं. अध्यक्षांचे लष्करी सल्लागार अॅडमिरल लेही हे जुन्या तालमीतले नौदलाचे गडी. त्यांचा त्या बाँबवर काडीचा विश्वास नव्हता. ही प्राध्यापकांची स्वप्नं आहेत, असं ते म्हणाले. त्यावर राजेसाहेबांनी हसून विचारलं, लावता का थोडीशी पैज?

लेहींनी ती घेतली असती तर हरले असते. चार दिवसांनी ऑगस्टा अटलांटिकच्या मध्यावर असताना ट्रूमन यांच्या हातात हिरोशिमाची चिठ्ठी पडली.